नेलपॉलिशचा ठिपका

३ फेब्रुवारी

ताई,

तुझा पत्ता मावशीनं आपणहून दिला. म्हणाली, फोन उचलत नाही ना, मग पत्र टाक, पत्र काही तिला कट करता येणार नाही.

खोटं. मीच मागितला. चार वेळा.

फोनवर माझं काय होतं ते तुला माहीतच आहे. मी हॅलो म्हणायला तोंड उघडेपर्यंत समोरचा ठेवून देतो. नववीत बाईंनी धडा वाचायला उभं केलं होतं, तसंच. त्या दिवशी शाळेतून आले ती परत गेलेच नाही. लिहिताना कुणी समोर नसतं, तेवढं बरं. अक्षर घाण आहे, चालवून घे.

इकडे सगळं ठीक. आई ठीक, बाबा ठीक. मी अजून मास्तरांच्या शिवणाच्या कारखान्यात काज-बटणालाच आहे. मास्तर सगळ्यांना सांगतात, "पोरगी बोलत नाही, पण बटण काय टाकते! शर्ट फाटेल, बटण तुटणार नाही."

आता मुद्दा. तुझं कॉफीचं मशीन मी माळ्यावरून खाली काढलं.

कारण सांगते. मावशीनं तिच्या फोनवर तुझा फोटो दाखवला. तुमच्या त्या कॉफीच्या दुकानातलं मोठं मशीन, त्याच्या दांड्यावर एका बारीक केसांच्या मुलीचा हात, आणि तिच्या हातावर तुझा हात. खाली तू लिहिलंयस, "माझी चिमणी. महिन्याभरात शिकली." मावशी म्हणाली, "बघ ग, परक्या पोरीला किती जीव लावते ही!"

परक्या पोरीला. मी दोन वर्षं तुझ्याबरोबर घरी याच स्वयंपाकघरात होते, आणि मला तू मशीनपासून दोन हात लांब उभी करायचीस. "मागे सर, भाजशील." चिमणी भाजत नाही वाटतं.

म्हणून मी शिकतेय. बघून बघून मला सगळं पाठ आहे. पाणी भरायचं, वाफ आली की एकदा सोडून द्यायची, बिया दळायच्या, मुठीच्या वाटीत पूड दाबायची, वाटी मशीनला अडकवायची, दांडा वर, मनात दहा आकडे, मग हळूहळू खाली. मी सगळं तसंच केलं. दांडा भसकन खाली गेला, जोर लावायलाच लागला नाही. कपात पिवळं पाणी. तोंड आंबट झालं.

तू ग्राइंडरच्या कड्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलायस ना, किती बारीक दळायचं त्याची खूण म्हणून, त्यावरच लावलं होतं. ठिपका बरोबर जागी आहे ना ग? म्हणजे कड्याचे किती दात सोडून दिला होतास, काही आठवतं का? सहज विचारतेय.

तुझी,
मुकी
(नाव तूच ठेवलेलं. चिमणीइतकं गोड नाहीये, पण माझं आहे.)


११ फेब्रुवारी

ताई,

उत्तर नाही आलं. असू दे. कामं असतील तुला. चिमणीला शिकवायचं असेल.

शनिवारी सकाळी मी कडं फिरवून खूप बारीक दळलं. एकदम पिठासारखं. मग दांडा जागचा हलेना. मी दोन्ही हातांनी लोंबकळले, पाय जमिनीवरून उचलले, तरी कपात दोन काळे थेंब. म्हटलं आत काय अडकलंय बघावं, म्हणून मुठीची वाटी सोडवायला गेले.

ठप्प!

ताई, कॉफी छतावर. कॉफी आईनं घासून ठेवलेल्या भांड्यांवर. माझ्या भुवईत. मनगटाला चटका बसला तो वेगळाच. आत दाब राहिला असला की वाटी काढायची नसते, हे तू मला कधी सांगितलंच नाहीस. आई धावत आली आणि म्हणाली, "स्वयंपाकघर आहे का गॅरेज आहे हे? एक गेली, तर दुसरी उभी राहिली त्या मशीनपुढे!"

मागून बाबा आले. अर्धी दाढी झालेली, एका गालावर साबण. ते माझ्याकडे बघेचनात, मशीनकडे बघत होते. मग अगदी हळू म्हणाले, "वायसर गेला असेल. माझाच." आणि परत गेले. उरलेली अर्धी दाढी त्यांनी दुपारपर्यंत केली नाही.

पहिल्या पत्रात मी बाबा ठीक आहेत असं लिहिलं. ते ठीक नाहीयेत.

तो दिवस मला परत परत आठवतो. तुलाही आठवत असेल, पण तू इकडे नव्हतीस नंतर, म्हणून लिहिते. हॉटेलवाल्या बाई घरी येणार होत्या. त्यांना तुझी कॉफी आवडली की त्यांच्या हॉटेलातलं कॉफीचं काउंटर तुझं. आदल्या दिवशी बाबांनी मशीनला नवीन रबरी वायसर बसवला, बाईंसमोर गळायला नको म्हणून. तू ग्राइंडर खोलून साफ केलास आणि सकाळी ठिपका बघून परत लावलास. आणि तीन कप केलेस, तिन्ही पाणी. बाईंनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "अजून थोडा सराव करा." त्यांच्यासमोरच तू बाबांवर उलटलीस. "तुम्हीच काल हात लावलात! चांगलं चाललेलं मशीन बिघडवलंत!"

बाबा म्हणाले, "तीस वर्षं लोकांची शिलाई मशीनं दुरुस्त करतोय. माझ्या हातानं एक मशीन बिघडलेलं नाही. तुला येत नसेल तर तसं सांग."

आणि तू म्हणालीस, "तुमचा हात राहिला नाही आता, बाबा."

आठ दिवसांनी तू बॅग उचललीस. त्याला आता आठ महिने झाले. तू गेल्यावर बाबांनी ते मशीन पाच वेळा खोललं. भंगारातून आणून तीन महिने झटून चालू केलेलं मशीन, त्यातला स्क्रू न् स्क्रू त्यांच्या ओळखीचा. वायसर काढायचे, उजेडात धरायचे, परत बसवायचे. मग माळ्यावर टाकलं. आता गिऱ्हाइकांच्या मशीनचंही तेच. लावतात, खोलतात, परत लावतात. मागच्या आठवड्यात मास्तरांचं ओव्हरलॉक मशीन न खोलताच परत पाठवलं. मास्तरांनी मला विचारलं, "तुझ्या बाबाला झालंय काय? म्हणतो, माझा हात राहिला नाही."

तुझेच शब्द. जसेच्या तसे.

महिनाअखेरीला ते हत्यारांची पेटी समोरच्या सायकलवाल्या काकांना देऊन टाकणार आहेत. गोदामाच्या गेटवर बसायचं काम बघितलंय. आई म्हणाली, "गेटवर बसून काय करणार?" तर म्हणाले, "गेट उघडायचं, गेट लावायचं. त्यात काय बिघडणार?"

तू एक फोन कर त्यांना. एवढंच.

मुकी


२० फेब्रुवारी

ताई,

तुझं कार्ड आलं. आई म्हणाली काय लिहिलंय, मी म्हटलं काही नाही. नऊ वेळा वाचलं असेल.

"ठिपका बरोबर जागीच आहे. चाळीस कप करून मग दिलाय मी, डोळे मिटून त्यावर लाव. तरी पाणी येत असेल तर दोष मशीनचा, म्हणजे कुणाचा ते तुला माहीत आहे. चिमणीलाही मी पहिलं हेच शिकवलं, खुणेवर विश्वास ठेवायचा."

एवढ्याशा कार्डात पण चिमणी बसवलीस.

दोष कुणाचा ते मला माहीत आहे ताई. तुझा तो ठिपका आता तुझा नाहीये. मी हलवला.

बाई यायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तू मला म्हणालीस, "उद्या तू मास्तरांकडेच थांब. तू अशी भिंतीला चिकटून उभी राहिलीस की लोक अवघडतात." मी तेव्हा तुझ्याच कुडत्याला बटण लावत होते, दुसऱ्या दिवशीच्या. तू ते विसरली असशील. बाबा वायसर बसवत होते आणि हसत हसत आईला म्हणाले, "ही पोरगी घराचं नाव काढणार बघ." ही. मी तिथेच बसले होते, हातभर अंतरावर.

मग तू कपडे इस्त्रीला टाकायला गेलीस, आई-बाबाही उठून बाहेर गेले. ग्राइंडर साफ करून फडक्यावर सुटा ठेवला होतास. तुझ्या खणात नेलपॉलिश होतं, ते पुसायचं पाणी पण होतं. मी कापूस घेतला, ठिपका पुसला आणि कडं फिरवून दुसरीकडे दिला. फुंकर मारून वाळवला. बटण टाकते ना, तितक्याच सफाईनं. इतका गोल आला की मलाच बरं वाटलं.

मला वाटलं एक कप बिघडेल. बाई हसतील, तू जरा लाल होशील, बाबा एकदा तरी तुला रागावतील. बस. तू बाबांकडे बोट दाखवशील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तू ते बोललीस तेव्हा मी दाराशी होते, मास्तरांकडे गेलेच नव्हते. तोंड उघडलं मी. खरंच उघडलं. आतून काही आलंच नाही. आई म्हणाली, मुकी घाबरली, तिला आत घेऊन जा कुणीतरी.

सकाळी तू ठिपक्यावरच लावशील हे मला पक्कं माहीत होतं. तू बाकी कशावर विश्वास ठेवत नाहीस, पण तुझ्या स्वतःच्या खुणेवर ठेवतेस.

पहिल्या पत्रात मी विचारलं ना, किती दात सोडून दिला होतास? मी मोजलेच नव्हते, म्हणून विचारलं. घाईत फिरवलं. तू चाळीस कप करून शोधलेली जागा मी एका फुंकरीत घालवली, आणि आता मलाच ती सापडत नाहीये. आठ महिने मला हे कुणाला सांगावंसं वाटलं नाही. चिमणीचा फोटो बघितला नसता तर अजूनही मशीनला हात लावला नसता, हेही खरंच सांगते.

बाबांना सांगायचंय. आठ दिवस आहेत महिना संपायला. रोज त्यांच्यासमोर जाऊन उभी राहते. ते म्हणतात, "काय ग?" मी म्हणते, "काही नाही."

मुकी


२८ फेब्रुवारी

ताई,

झालं. सांगते.

आधी जागा शोधली. रोज सकाळी कारखान्यात जायच्या आधी दोन कप, प्रत्येक कपाला एक दात बारीक. नेलपॉलिशच्या ठिपक्यावर मी चिकटपट्टी लावून टाकली, दिसायलाच नको. कितव्या कपाला पाणी, कितव्याला आंबट, सगळं शिवणाच्या कागदावर लिहून ठेवलं. माझ्या हाताला आता भाजल्याचे तीन डाग आहेत. आज सकाळी दांडा खाली घेताना त्यानं हाताला धरलं. जाड कापडातून सुई जाताना अडते ना, मोडत नाही पण अडते, तसं. धार उंदराच्या शेपटीएवढी बारीक, आणि वर तपकिरी साय. मी चव घेतली आणि मला हसायलाच आलं एकटीला.

कप घेऊन बाबांकडे गेले. ते जमिनीवर बसून हत्यारं एकेक करून फडक्यात गुंडाळत होते. सायकलवाले काका दहाला यायचे होते. बाबांनी एक घोट घेतला. दुसरा घेतला. मग म्हणाले, "अगदी ताईसारखी."

तेव्हासुद्धा ताई. तेव्हासुद्धा मी जळले. डाग माझ्या हातावर, आणि कप ताईसारखा.

मग ते थांबले. "वायसर कुठला घातलास?"

"तोच," म्हटलं. "तुम्ही लावलेला."

"तोच?"

मी मान हलवली. ते मशीनकडे बघत राहिले. आता सांगायला हवं होतं, आणि माझं परत नववीतल्यासारखं झालं. म्हणून मी आत गेले. ग्राइंडर आणला, चिकटपट्टी काढली. तू खणात सोडून गेलेली नेलपॉलिशची बाटली आणली, ते पुसायचं पाणी आणलं, कापूस आणला. त्यांच्यासमोर बसले. ठिपका पुसला. कडं फिरवलं. दुसरीकडे नवा ठिपका दिला. फुंकर मारली.

बाबा कारागीर माणूस आहेत. एकदा बघितलं की त्यांना कळतं.

त्यांनी कड्यावरून नख फिरवलं. मग विचारलं, "किती दात?"

"मोजले नव्हते."

"मोजायला हवे होते," ते म्हणाले. आणि मग, "आठ महिने." बस. मूठ वळली होती त्यांची, मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी फडकं उलगडलं आणि एकेक हत्यार परत पेटीत लावायला लागले. पाने एका बाजूला, पेचकस एका बाजूला. काका आले तेव्हा बाबा त्यांना म्हणाले, "हत्यारं द्यायची नाहीत रे. आलाच आहेस तर कॉफी घेऊन जा." काका म्हणाले, "असली कडू कोण पिणार?" आणि सगळी प्यायले.

आईनं मला पाठीत एक धपाटा घातला, मग रडली, मग ताट वाढलं. म्हणाली, "मुकी मुकी म्हणता म्हणता तू सगळ्या घराला गप्प केलंस."

दुपारी बाबा मास्तरांच्या कारखान्यात आले, ओव्हरलॉक खोललं, तासाभरात चालू केलं. एकदाच लावलं. परत खोललं नाही. मी चार पावलांवर काज करत होते, माझ्याकडे बघितलं नाही त्यांनी. घरी येऊन त्यांनी कॉफीच्या मशीनमधला तो वायसर काढला, नवा घातला, आणि जुना काड्यापेटीत घालून माझ्यापुढे सरकवला. "पत्रात घाल. तिला म्हणावं, बोट फिरवून बघ." तेवढंच बोलले.

म्हणून काड्यापेटी आहे सोबत. बोट फिरवून बघ. कुठे चीर नाही, कुठे खडबडीत नाही.

मी इथे "मला माफ कर" लिहिलं होतं, खोडलंय, दिसत असेल तुला. तो फोटो आठवला की अजून तसंच जळतं, आणि मग माफी मागितलेली मलाच खरी वाटत नाही. जळणं संपलं की लिहीन.

मुकी


१७ मार्च

ताई,

काल तू फोन केलास. त्याबद्दलच लिहितेय, कारण फोनवर मला जे बोलायचं होतं ते झालंच नाही.

बाबांशी तू चाळीस मिनिटं बोललीस. मी भिंतीला चिकटून उभी होते. वायसर, वायसर आणि वायसर. मग एकदा बाबा म्हणाले, "अग जाऊ दे, मीही काय काय बोललो," आणि डोळे पुसले. नंतर हसले. दोनदा हसले, मी मोजलं. सोळा दिवस माझ्याशी कामापुरतं बोलणारा माणूस तुझ्याशी दोनदा हसला. मला वाटलं आता फोन ठेवतील आणि माझं नावही निघणार नाही.

मग ते म्हणाले, "मुकीला दे म्हणतेय," आणि फोन माझ्या हातात.

मी काही बोलले नाही. तूही नाही. तुझ्या मागे कपबशांचा आवाज येत होता. मी फोन मशीनजवळ उभा करून ठेवला आणि कॉफी करायला लागले. पाणी गरमच होतं. दळलं, दाबलं, दांडा वर, दहा आकडे, खाली.

तू म्हणालीस, "मी चिडलेय तुझ्यावर. वर्षभर चिडणार आहे. ते वेगळं. परत कर."

मी परत केली.

तू म्हणालीस, "एक दात बारीक."

"नको," मी म्हटलं. "बरोबर आहे."

आठ-नऊ महिन्यांत तुझ्याशी बोललेला पहिला शब्द, आणि तो "नको". बाबा वळून बघायला लागले.

"आवाज ऐकू येतोय मला, धार लवकर सुटतेय. बारीक कर म्हणते ना, मागे..." आणि तू थांबलीस. पुढचं मला पाठ आहे. तू बोलली नाहीस ते.

मग तिकडून कुणीतरी "ताई" अशी हाक मारली. ताई म्हणते ती तुला. तू म्हणालीस, "आले ग," आणि फोन ठेवलास.

मी काही बारीक-बिरीक केलं नाही. मुद्दाम. मशीन बंद केलं, पुसलं, झाकलं. सतराशे मैलांवरून... मैल किती आहेत मला माहीत नाही, पण तिकडून कानानं ऐकून मला शिकवते म्हणजे काय? आणि ती चिमणी शेजारी उभी राहून तुझ्या हाताखाली शिकते.

आज सकाळी केलं बारीक. एक दात. गुपचूप.

ताई, तुझं बरोबर होतं. मला इतका राग आला.

बाबांना कप दिला. तू सांगितलंस ते मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी एक घोट घेतला, कप उजेडात धरला आणि म्हणाले, "आज तुझी वेगळी झालीये." तुझी. मी नीट ऐकलं. मग बाकीची प्यायले आणि कप मलाच परत दिला, हातात.

कड्यावर आता ठिपका नाहीये. सगळं पुसलं. बाटली सुकत आलीये, एका ठिपक्यापुरतं असेल आत. तू ये. जागा तू दाखव, ठिपका मी देते, बाबा दात मोजतील.

चिमणीला आणायचं असेल तर आण. दोन हात मागे उभी राहील ती. भाजेल नाहीतर.

मुकी